साखराबाईचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. जुने म्हणजे वयाने. कामाने मात्र अगदी कोरे. आजवर मी एकाही दाराला लागलेले नाही. कुलपाच्या जातीला याहून लाजिरवाणी गोष्ट नसेल.

केजच्या बाजारात साखराबाईने मला घेतले. तिचा सारा जन्म ऊसतोडीत गेला. उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, राहायचे. कोपीला दार नसते, मग कुलूप कुठले? म्हातारपणी ती मुलगा परमेश्वर आणि सून अंजू यांच्यामागे पुण्याला आली. तिथल्या भाड्याच्या पत्र्याच्या खोलीला दार होते, पण कुलूप घरमालकाचे. दुसरी किल्ली त्याच्या खिशात असे. साखराबाईला हे फार लागे. म्हणून ज्या वर्षी परमेश्वरने सरकारी स्वस्त घरांच्या सोडतीत अर्ज केला, त्याच वर्षी गावाहून येताना तिने मला कनवटीला लावून आणले.

अंजू खो खो हसली. "आत्याबाई, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! घराचा पत्ता न्हाई, आन् कुलूप आधी?"

"आसू दे. कुलूप पाहून घर येतंय."

पण घर येईना. बिल्डरांचे भाव ऐकून परमेश्वर आल्या पावली परत फिरे. सोडतीत नाव लागेना. नाव हुकले की साखराबाई माझ्या पोटात तेलाचे थेंब सोडी आणि म्हणे, "गंजू नगंस बाबा, तुझं दार हाय कुठंतरी." मित्रांनो, त्या तेलावर आणि त्या शब्दांवर मी वर्षे काढली.

शेवटी गेल्या साली नाव लागले. पाचव्या मजल्यावरचे घर बघायला आम्ही सगळे गेलो. साखराबाईने मला पदराखालून काढून दाराच्या कडीजवळ धरले. पहारेकरी म्हणाला, "आजी, आधी सही होऊ द्या, मग कुलूप." परमेश्वरने मुदतीच्या आत स्वतः पुण्यातल्या सोडतीच्या कचेरीत जाऊन सही करायची होती. नाही तर घर यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होते. केजच्या तहसील कचेरीतून एक दाखला यायचा बाकी होता, म्हणून सही राहिली.

तेवढ्यात साखराबाई तापाने अंथरुणाला खिळली. तिला काय उमगले कोण जाणे. लेकाला म्हणाली, "माझं कायी झालं तर सुतक धरून बसू नका. आधी सही करून या."

"कावून आसं वंगाळ बोलती, आई?" परमेश्वरने तिला गप्प केले.

ती गेली. धारूरच्या डोंगरातल्या गावी तिला नेले आणि परमेश्वरने अग्नी दिला. अंजूने मलाही सोबत घेतले होते. दाखला एव्हाना हाती आला होता, पण मुदत नेमकी दहाव्याच्या दिवशी संपत होती. "एका दिसात जाऊन या," अंजू विनवू लागली. चुलते आप्पाराव खवळले. "अग्नी दिलेल्यानं दहावा होईस्तोवर गाव सोडायचं न्हाई. घर काय पळून जातंय व्हय?"

परमेश्वरने मान खाली घातली. मला ओरडावेसे वाटले.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसले, पण एकही शिवेना. "लेकरांला शिकवू," एकाने सांगितले. "शेळ्या इकणार न्हाई," दुसऱ्याने सांगितले. ऊन चढले. अखेर अंजूने मला पिंडाशेजारी ठेवले आणि रडत म्हणाली, "आत्याबाई, तुमचं कुलूप नव्या घरालाच लावू."

कावळा लगेच उतरला. आप्पारावांनी हात जोडले. त्याच संध्याकाळी पुण्यातली ती कचेरी बंद झाली आणि मुदत संपली.

तेरावा उरकून परमेश्वर धावत गेला, तेव्हा घर दुसऱ्याचे झाले होते. कचेरीच्या पायरीवर बसून तो लहान लेकरासारखा रडला. अंजू त्याला एका शब्दानेही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते, असे मला वाटते.

आता मी त्याच पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेले आहे. नवा अर्ज केलेला आहे. तेल घालायचे मात्र कोणाला सुचत नाही, आणि माझी किल्ली जड फिरू लागली आहे. मित्रांनो, कुलपाला अधूनमधून तेल द्या, एवढेच मागून मी थांबले असते. पण आणखी एक मागते. म्हातारे माणूस जिवंतपणी सांगते ते ऐका, नाही तर पुढे कावळ्याला शब्द द्यावा लागतो. आमचा शब्द घेऊन तो कावळा उडून गेला, आणि मी अजून कोरेच आहे.