डावीकडचं टेबल

खोलीत टेबलं दोन, खुर्च्या दोन, स्पिरिटचे दिवे दोन, खिडकी एक, फळीवर प्लास्टरचे जबडे एकशे बारा आणि काम करणाऱ्यांची बोटं साडेएकोणीस. कमी असलेलं अर्धं बोट थोरल्याचं. उजव्या हाताची अनामिका, तरुणपणी घासायच्या चाकाखाली गेली होती. कोणी विचारलं की तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "एका गिऱ्हाइकाने कवळी नीट चावते का ते बघितलं." ही मोजदाद पाच महिन्यांपूर्वीची. आता बाकी सगळं तितकंच होतं, बोटं तेवढी दहा उरली होती.

कवळ्या बनवणं हा दोघा भावांचा धंदा. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे आणि घराच्या मागच्या खोलीत त्यांना दात फुटायचे. वरची कवळी थोरल्याने करायची, खालची धाकट्याने, अशी वाटणी होती. हत्यारं मात्र सामाईक. टेबलं एकमेकांना चिकटवलेली, थोरला डावीकडे, धाकटा उजवीकडे. पातळ झालेल्या मेणावरून नजर हलली की दात तिरका बसतो, म्हणून दोघांनी एक रीत पाडून घेतली होती. मान खाली ठेवायची आणि हात बाजूला पसरायचा, तळवा वर करून. दुसऱ्याने त्या तळव्यात हवी ती वस्तू ठेवायची. बघायचं नाही, मागायचं नाही. मेण कापायची सुरी दिवसातून शंभर वेळा अशी या हातातून त्या हातात जायची, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकमेकांची तोंडं न बघता दोन भाऊ शेजारी शेजारी सुखाने बसायचे.

म्हणूनच त्या दुपारी धाकट्याला काही कळलं नाही. थोरल्याचा हात टेबलावर उताणा होता. धाकट्याने त्यात सुरी ठेवली, जरा वेळाने तिथूनच उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. बोटं मिटत नाहीत हे जाणवलं तेव्हा मान न उचलता तो म्हणाला, "झोपलास काय रे, दादा?" आणि काम करत राहिला. मग वहिनी चहा घेऊन आली आणि दारातच तिच्या हातातले कप खाली पडले.

डॉक्टर म्हणाले, जाऊन दीड तास तरी झाला असावा.

तेव्हापासून धाकट्याची मान डावीकडे वळेना. पहिल्या आठवड्यात सगळे म्हणाले, ताण आहे, जाईल. मग एक्स-रे झाला. मणक्यांत काही नव्हतं. गोळ्यांनी झोप तेवढी आली. मान सुजलेली नव्हती, लाल नव्हती. कानामागून खांद्यापर्यंत एक शीर ताणलेल्या तारेसारखी उभी असायची आणि डावीकडे बघायला गेलं की कोणी ती पिरगाळल्यासारखी कळ यायची. रस्त्यात कोणी डावीकडून हाक मारली की तो अख्खाच्या अख्खा वळायचा, कपाट सरकवल्यासारखा.

खोळंबा झाला तो कवळ्यांचा. वरच्या कवळीचे दात, साचे, अर्धवट राहिलेलं काम, सगळं डावीकडच्या टेबलावर. धाकटा खालच्या कवळ्या करून करून ठेवत होता. अकरा तयार झाल्या होत्या, वरची एकही नाही. अकरा माणसं अर्ध्या तोंडाची वाट बघत होती, आणि दातांच्या डॉक्टरांनी निरोप धाडला होता की या महिन्याअखेर पुरी जोडी आली नाही तर काम दुसरीकडे देऊ.

"दुसरीकडे दिलं तर मी काय करणार?" धाकटा म्हणाला. "मला दुसरं येतंय काय?"

"तोंड वेंगाडून दाखवता येतं की," वहिनी म्हणाली. "पाच महिने तेच तर करताय."

ती रागावली नव्हती. तिचं बोलणं नवरा गेल्यावरही पूर्वीसारखंच तिखट राहिलं होतं, आणि धाकट्याला तेच बरं वाटायचं.

उपचार हातात घेतले ते पुतणीने. थोरल्याची ही एकुलती मुलगी पदार्थविज्ञान शिकलेली होती आणि एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळायची. जे मोजलं नाही ते बरं झालं की नाही हे कसं ठरवणार, असं तिचं म्हणणं. शाळेतून तिने फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक आणला. काकाला स्वयंपाकघरात खुर्चीवर ताठ बसवलं, खांदे हलू नयेत म्हणून पट्ट्याने खुर्चीच्या पाठीशी बांधले, कपाळावर रबरबँडने पेन्सिल अडकवली आणि स्वतः स्टुलावर चढून वरून कोन वाचला.

"उजवीकडे सत्तर. डावीकडे अठरा."

"गेंडा बरा दिसतो याच्यापेक्षा," वहिनी म्हणाली.

"वहिनी, हसवू नका, कळ येते."

"मग येऊ दे. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसलात."

उपचार साधेच होते. सकाळी आणि संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं मानेवर. दोन उशा काढून एकच, आणि तिच्या कडेला टॉवेलची सुरळी, मानेच्या खोलगट जागी बसेल अशी. हनुवटी मागे ओढायची, पाच मोजायचे, सोडायची. मग डावीकडे हळूहळू वळायचं, दुखायला लागेल त्याच्या अलीकडे थांबायचं. कामाच्या टेबलावर लाकडी खोका ठेवला, म्हणजे जबडा डोळ्यांसमोर येईल आणि मान वाकणार नाही. चोळायचं काम वहिनीने घेतलं. तिचा अंगठा शिरेवर पडला की धाकटा "मेलो" म्हणायचा आणि ती म्हणायची, "एवढ्यात नको, भावोजी, कपडे वाळत घातलेत."

गुण आला. अठराचे सव्वीस झाले, सव्वीसचे अडतीस, मग बावन्न. स्वयंपाकघरात धाकटा डावीकडच्या खिडकीतून शेजाऱ्यांची मांजर बघू लागला. पुतणी खूश होती.

"मग वरच्या कवळ्या का नाही होत?" वहिनीने विचारलं.

पुतणीलाही तोच प्रश्न पडला होता. एका दुपारी तिने पट्टा, पेन्सिल, कोनमापक आणि स्टूल उचललं आणि सगळं मागच्या खोलीत नेलं. काकाला त्याच्याच खुर्चीत बसवून बांधलं. फळीवरचे एकशे बारा जबडे आ वासून बघत होते.

"डावीकडे बघ."

धाकट्याने डोळे मिटले. मान थरथरली.

"अकरा," पुतणी म्हणाली. ती स्टुलावरून उतरली, त्याला स्वयंपाकघरात नेलं, पुन्हा मोजलं. बावन्न. पुन्हा मागच्या खोलीत. अकरा.

"काका, मान तीच, दिवस तोच, पट्टासुद्धा तोच. फक्त खोली वेगळी. इथे काय आहे?"

धाकट्याने मान सरळ केली. खिडकीतून ऊन डावीकडच्या टेबलावर पडलं होतं, ते त्याच्या नजरेच्या कडेला नुसतं पिवळं दिसत होतं.

"मी हात पसरतो ना," तो म्हणाला, "तर सुरी हातात येते."

"म्हणजे?"

"म्हणजे येते. ती तिकडच्या टेबलावर असते, दादाने सुरीसाठी पाडलेल्या खाचेत. मी काम करताना हात पसरतो, सवयीने. आणि जरा वेळाने ती तळव्यात असते. मूठ माझ्याकडे करून. दादा द्यायचा तशी."

पुतणीच्या हातातला कोनमापक खाली आला. ज्याच्याबद्दल तो बोलत होता, त्याची ती मुलगी होती.

"आणि खुर्ची कुरकुरते," धाकटा म्हणाला. "दुपारी."

"लाकूड आहे. उन्हाने तापतं, फुगतं. आणि सुरी तूच उचलतोस, काका. तीस वर्षांची सवय आहे हाताला. तुझं लक्ष मेणाकडे असतं, हात आपला आपण जातो आणि घेऊन येतो."

"असेल."

"असेल काय, आहेच. मग बघत का नाहीस एकदा?"

"बघितलं आणि तो तसाच बसलेला असला तर?" धाकट्याचा आवाज बारीक झाला. "त्या दिवशीसारखा, मान खाली घालून? दीड तास मी त्याच्या हातात सुरी देत होतो गं. आणि बघितलं आणि नसलाच, तर मग मी इथे रोज कुणाच्या शेजारी बसतोय?"

 पुतणीकडे एक तपासणी होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने डावीकडच्या टेबलावरचं सामान मागच्या कडेला सरकवलं, चहाची गाळणी घेतली आणि मोकळ्या जागेवर प्लास्टरची कोरडी पूड चाळली. सगळीकडे सारखी, कागदाइतक्या जाडीची. मेणाची सुरी नेहमीच्या खाचेत ठेवली. खिडकीला आतून कडी घातली, वारा यायला नको. मग काकाला आत बसवलं, बाहेरून दार लावलं आणि दारासमोरच आईशेजारी वाटाणे सोलत बसली. खोलीला दार एकच होतं.

"काय करतायत भावोजी आत?" वहिनीने विचारलं.

"खालची कवळी."

"म्हणजे बारावी. आता बारा माणसांना अर्धाच घास गिळता येणार." तिने एक शेंग सोलली, दाणे टोपात न टाकता हातातच धरून राहिली. "खुर्ची उचलून माळ्यावर टाकूया म्हटलं होतं मी. पण माझ्याच्याने तिला हात लावला जात नाही."

मधे एकदा आतून खुर्ची कुरकुरली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

दोन तासांनी पुतणीने दार उघडलं. ऊन तिरपं होऊन पुडीवर पडलं होतं, त्यामुळे बारीकशी रेघसुद्धा उठून दिसत होती. टेबलाच्या अलीकडच्या कडेला हाताच्या खुणा होत्या, डाव्या हाताच्या, पाची बोटं पुरी. कडेपासून खाचेपर्यंत सरपटत गेलेल्या आणि तशाच परत आलेल्या. धाकट्याच्या डाव्या तळव्याला आणि बाहीला पांढरं लागलं होतं.

 

"काका, झालं. आता बघ."

"काय आहे ते सांग."

"सांगणार नाही. मी सांगितलं तर तू मला बरं वाटावं म्हणून हो म्हणशील. स्वतः बघ. मी आहे इथे, आई आहे."

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. "बघा, भावोजी," ती म्हणाली, आणि या वेळी तिच्या बोलण्यात तिखट काही नव्हतं. "कुणीतरी बघायला हवं. मी एकदाच बघितलंय, तेही कप पडेपर्यंत."

धाकट्याने सुरी खाली ठेवली. हनुवटी मागे ओढली, शिकवली होती तशी. मग मान डावीकडे निघाली. कळ यायची ती जागा आली आणि मागे पडली. शीर एकदा उडाली, मग सैल झाली. त्याला टेबलाची कड दिसली, पूड दिसली, पुडीतली आपली पाच बोटं दिसली. त्यापलीकडे रिकामी खुर्ची.

"माझाच हात," तो म्हणाला.

"तुझाच," पुतणी म्हणाली. तिला हसू आलं, रडूही आलं. "म्हटलं नव्हतं मी?"

धाकटा अजून बघत होता. डोळे पुडीवरून हळूहळू पुढे सरकत होते, खाचेच्याही पलीकडे, खुर्चीपर्यंत.

"आणि तो?" त्याने विचारलं.

पुतणी पुढे झाली. दारातून तिला खाचेपर्यंतचंच दिसलं होतं. खुर्चीच्या बाजूला, जिथे धाकट्याचा हात उठल्याशिवाय पोचला नसता, पुडीत आणखी एक खूण होती. हात टेकलेला, जड, न सरपटलेला. पेरांच्या मागच्या बाजूच्या सुरकुत्या उठल्या होत्या, म्हणजे तळवा वर होता. बोटं धाकट्याकडे, अंगठा खुर्चीत बसणाऱ्याच्या अंगाकडे. उजवा हात.

 वहिनीने दाराची चौकट धरली. धाकटा घाबरला नाही. त्याने सुरी उचलली, डावा हात पूर्ण लांबवला, अर्धवट उठून पुढे झुकला आणि त्या खुणेच्या तळव्याच्या जागी ती आडवी ठेवली, मूठ खुर्चीकडे करून. परत बसला. मान डावीकडेच होती.

 पुतणीला एकच गोष्ट करता येत होती, ती तिने केली. खणातून दातांची मापं घ्यायचा कॅलिपर काढला, वाकली आणि खुणेची बोटं एकेक करून मोजली, मुळापासून टोकापर्यंत. तर्जनी एकाहत्तर मिलिमीटर. मधलं बोट एकोणऐंशी. करंगळी अठ्ठावन्न. अनामिका एकावन्न.

मग ती स्टुलावर चढली आणि काकाच्या डोक्यावर कोनमापक धरला.

डावीकडे चौऱ्याहत्तर अंश.