बिनजाहिरातीचा नवरा

आधीच सांगते, नितेशच्या मनात माझ्याविषयी काही वाईट नव्हतं. माझ्या मनात मात्र त्याच्याविषयी अजून आहे.

नितेश म्हणजे हरेशचा मामेभाऊ, आणि हरेश म्हणजे माझा नवरा. पेणच्या बाजारात नितेशचं फोटो-व्हिडिओचं दुकान होतं. तिथे बसून तो टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करायचा, मधल्या जाहिराती कापायचा आणि सीडी करून विकायचा. फोनवर मालिका बघायची सोय तेव्हा आमच्याकडे आली नव्हती. धाटावच्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्यांच्या घरी त्याच्या सीड्यांना भारी मागणी. "आपल्या सीडीत जाहिरात औषधालाही सापडणार नाय," असं तो स्वतःच सांगत फिरायचा. ज्या वस्तूचं नाव वाचता येतं किंवा ऐकू येतं ती जाहिरात, हा त्याचा कायदा. एकदा मालिकेतली सासू मरताना तिच्या उशाशी बामाची बाटली दिसली, तर ह्या बाबानं सासूचं मरणच कापून टाकलं. पुढच्या भागात तेराव्याच्या पंगती बसल्या आणि आमच्या आळीतल्या बायका एकमेकींना विचारत बसल्या, मेलं कोण म्हणून!

तर अशा माणसाकडे मी माझी अब्रू नेऊन दिली.

आता हरेशचं सांगते. आम्ही राहतो रोह्याजवळच्या वरसे गावात. माणूस सोन्यासारखा. दारू नाही, पत्ते नाहीत, आवाज चढवणं नाही. मुळात आवाजच नाही. कंपनीच्या बसमध्ये मी बोलत राहिले, तो ऐकत राहिला, आणि त्यातच आमचं लग्न ठरलं. मी त्याला अरे-तुरे करते, लव्ह मॅरेज आहे ना. माझी आई येसू, गडब गावची. तिला हा जावई पहिल्या दिवसापासून पटला नाही. "दगडाशी लगीन लावतेस गो," म्हणाली. "त्यानं तुझ्याविषयी एक चांगलं वाक्य माज्या कानावर घातलं ना, की मंग येन मी वरशाला राहायला. तवर नाय." आणि खरंच नाही आली. बारशाला आली ती संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. शेजारणींच्या आया येऊन महिना महिना राहतात, पापड लाटतात, नातवंडांना न्हाऊ घालतात. माझी आई दोन तासांवर असून माझ्या घरात तिनं एकदाही पाठ टेकली नाही. मला ते फार लागायचं.

मग वरशाला तो टीव्हीवाल्यांचा कार्यक्रम आला, 'वहिनी, तुम्हीच!' नावाचा. घरी येतात, वहिनींना खेळ खेळायला लावतात, जिंकलात तर पैठणी देतात. आमचं घर निवडलं. कार्यक्रम चहाच्या कंपनीचा होता, सोनपाकळी चहा. शूटिंगच्या आधी कंपनीची एक मुलगी हरेशला गॅलरीत घेऊन गेली आणि त्याच्याकडून एक वाक्य घोटून घेतलं. मग कॅमेऱ्यासमोर त्याच्या हातात चहाचं पाकीट दिलं, आणि माझा हरेश, माझा मुका हरेश, खणखणीत बोलला, "वनिताच्या हातचा सोनपाकळी चहा घेतल्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही, आणि वनिताशिवाय माझं घर उजळत नाही!"

मी ढसाढसा रडले. निवेदकसुद्धा गहिवरला. वाक्य पढवलेलं होतं, कबूल! पण बोललं कोण? हरेशच ना? देवापुढची आरती तरी आपण कुठे स्वतः रचतो?

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी गडबचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सगळं रोहा बघत होतं, माझी आई अंधारात बसली होती. मी फोन करून सांगितलं तर म्हणाली, "तू सांगतेस म्हंजे बोलला असल." या वाक्यातला खवचटपणा मला पेणपर्यंत घेऊन गेला. नितेशकडे कार्यक्रम होताच. त्यानं सीडी पाकिटात घालून दिली आणि वर म्हणाला, "वहिनी, खास मेहनत घेतली हाय. एकदम साफ केली." मी त्याला आशीर्वाद दिला. मूर्ख मी.

वडखळवरून मिनीडोर रिक्षानं गडबला गेले. माझ्या भावानं, रघूनं, सीडी प्लेयर पुसून तयार ठेवला होता. शेजारची शांतीकाकू आली, तिच्या दोन सुना आल्या. आई पुढे पाटावर बसली, पदरानं चष्मा पुसून डोळ्यांना लावला. मी म्हटलं, आता बघ.

दार उघडलं, निवेदक आत आला, मी हसले. पुढे मी उखाणा घेतला होता, "कपावर चहाच्या वाफेची नक्षी, हरेशरावांचं नाव घेते, सोनपाकळी चहा साक्षी." तो नाहीच! मी तोंड उघडलं आणि थेट फुगे फोडायला लागले. पैठणी मिळाली ती नाही, खोक्यावर दुकानाचं नाव होतं. मग निवेदकानं हरेशला विचारलं, "वहिनींना काय आवडतं हो?" हे मात्र अख्खं होतं. हरेश पंख्याकडे बघतोय. मग माझ्याकडे. मग परत पंख्याकडे. शेवटी मीच म्हणतेय, "जिताड्याचं कालवण." आणि त्यानंतर ते वाक्य यायचं, तर आम्ही सगळे हात हलवून टाटा करतोय. संपलं.

"झालं?" शांतीकाकूनं विचारलं.

मी तिथूनच नितेशला फोन लावला. "मेल्या, माझा नवरा कुठाय?"

"हाय की वहिनी, पंख्याकडं बघतोय तो."

"बोलतो तो कुठाय?"

"हातात पाकीट होतं, वहिनी. नाव एकदम समोर. मी काय करू?"

"अरे, ती जाहिरात नव्हती, तो माझा नवरा होता!"

"मी पाकीट कापलं, वहिनी. भाऊ त्याच्यासोबत गेला."

मी फोन आपटला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "आई, शपथेवर सांगते, तो बोलला. रोह्यात कुणालाही विचार." आई काही हसली नाही. रघूला म्हणाली, ते पंख्याचं परत लाव. परत बघितलं. मग मला म्हणाली, "जिताडं त्याला आवडतं ना गो? तुला तर लहानपनापासून मासळी खाताना घशात काटा लागतो." शूटिंगला वीस माणसं घरात उभी, कुणीतरी उत्तर द्यायला नको?

घरी आले ती तणतणतच. हरेश पहिली शिफ्ट करून जेवायला बसला होता. म्हटलं, "हे बघ, आईला फोन लावते. ते वाक्य तिला ऐकव. एवढं कर माझ्यासाठी." त्यानं मान डोलावली. हात धुऊन आला, उभा राहिला, कॅमेऱ्यासमोर राहिला होता तसाच. मी फोनचा स्पीकर चालू केला. आणि तो बोलला! एक शब्द चुकला नाही. सोनपाकळीसकट.

पलीकडून आई म्हणाली, "बरं बोललास. आता चहाचं नाव काढून बोल."

"वनिताच्या हातचा…" हरेश म्हणाला आणि थांबला. परत पहिल्यापासून धरलं. परत तिथेच थांबला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "पुढे सोनपाकळीच येतं."

"मंग ते सोड," आई म्हणाली. "दुसरं काय बोल. तुज्या मनातलं."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. देवा, काहीही बोल रे. भाजी बरी झालीय म्हण. बिचाऱ्यानं खरंच प्रयत्न केला, कानशिलं लाल झाली त्याची. मग म्हणाला, "आई, मला तेवढंच दिलेलं."

मला वाटलं, आईनं फोन ठेवला. लाजेनं मला रडू फुटलं, आणि ते तिला ऐकू गेलं असणार.

"वनिता, रडू नको गो," आई म्हणाली. "रविवारी येते मी राहायला. चांगली महिनाभर राहीन."

"पण आई, तो तर काहीच बोलला नाही."

"म्हनूनच येते. तुज्याशी बोलाया घरात कोन तरी नको का?"