सायलीच्या नावाचं फोल्डर

मालेगावात भाज्यांच्या रोपांची नर्सरी सायलीनं उभी केली होती. कामाला मात्र भाऊ गजेंद्रचा जुना कॉम्प्युटर होता. त्यातल्या युजर फोल्डरवर अजून त्याचंच नाव होतं आणि ते तिला खुपायचं.

“नाव बदलतानी सारे फोटो उडतीन नं!” वडील दौलतराव धास्तावले.

“आदी पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवली, बाबा.”

तिनं दुसरं अॅडमिन खातं काढलं, त्यातून फोल्डरचं नाव बदललं आणि रजिस्ट्रीतला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या नोंदींतला, फोल्डरचा जुना पत्ताही सुधारला. मग कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. आपल्या नेहमीच्या खात्यात शिरताच वांग्याच्या रोपांचे फोटो जसेच्या तसे उघडले. वर नाव होतं सायली.

दौलतरावांनी खुर्ची जवळ ओढली. “आता मलेबी एक खातं काढून दे.”