झाकणावरची खूण

मी बोलतेय. पूर्वी गाडीच्या बॉनेटखाली फिरायचे, आता एका खिडकीच्या कट्ट्यावर बसून बोलतेय. मी जुन्या गाडीच्या वायपरची मोटर. काचेवर इकडून तिकडे फिरणाऱ्या काड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांना फिरवणारी मी. माझ्याकडे कुणी कधी वळून पाहिलं नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. वीतभर जागा, बॅटरीची वायर आणि चमचाभर ग्रीस, एवढ्यावर माझा संसार सुखाचा होता.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या पोटातल्या आर्मेचरवर, म्हणजे फिरणाऱ्या गाभ्यावर, एका बाईने तांब्याची तार गुंडाळली. ती ओठांतल्या ओठांत वेढे मोजत होती. मध्येच शेजारणीने विचारलं, “लेकाचा ताप कसा आहे गं?” बाईने नुसतं एक बोट वर केलं, वेढे पुरे केले, तार कापली आणि मग म्हणाली, “उतरला सकाळी.” लेकाच्या तापाआधी माझे वेढे! त्या एका बोटाचं मोल तेव्हा मला कळलं नाही. फार उशिरा कळलं.

माझी गाडी एका डॉक्टरीणबाईंनी घेतली. धो धो पाऊस असो की धुकं, रोग्याकडून बोलावणं आलं की बाई निघाल्याच. घाटाच्या चढावर मी दमले की स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायच्या, “चल गं माझे बाई, थोडंच राहिलं.” मी चालायचे. तेवीस वर्षं चालले.

आता माझ्या स्वभावातली एक गोष्ट सांगते. बटण बंद केलं की मी जागच्या जागी थांबत नाही. काड्या काचेच्या तळाशी नेते, तिथे आडव्या निजवते आणि मगच थांबते. कुठे थांबायचं, ते मला माझं गोल झाकण सांगतं. त्याच्या आत एक लहानशी पट्टी आहे. झाकण जसं फिरवून बसवाल, तशी मी थांबते. एवढं लक्षात ठेवा, कारण माझी सगळी रडकथा या झाकणात आहे.

बाई थकल्या, गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट झालं. उंदरांनी वायर कुरतडली. पाऊस पत्र्यावर वाजायचा आणि मी नुसती ऐकत पडायचे. बाई गेल्यावर गाडी भाच्याकडे आली. त्याने तिला नवा रंग दिला, क्रोम चकचकीत केलं. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात तिला उतरवायचं ठरवलं. तिथले परीक्षक म्हणे प्रत्येक बटण दाबून बघतात. भाच्याने माझं बटण दाबलं. मी हूं की चूं केलं नाही.

असं माझं मिस्त्रीच्या टेबलावर येणं झालं.

मिस्त्री म्हणजे चाळीस वर्षं फक्त वायपरच्या मोटरी उघडून बांधणारा माणूस. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर फळ्या. मोतिबिंदूमुळे तो मला नाकाशी धरून बघायचा. पण बोटं अशी, की वॉशर पातळ आहे की जाड हे न बघता सांगावं.

त्याची एक रीत होती. मोटर हातात आली की आधी टोकदार खिळा घ्यायचा आणि झाकणापासून अंगापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. मगच स्क्रू सोडायचे. परत बसवताना रेघेला रेघ जुळली की झाकण बरोबर बसलं. रेघ ओढल्याशिवाय त्याने आयुष्यात एकही मोटर उघडली नव्हती.

त्या दिवशी खिळा त्याच्या हातात होता, तेवढ्यात त्याची लेक दारात उभी राहिली.

“आल्या का घाईबाई!” तो हसत म्हणाला. तिला तो याच नावाने हाक मारी.

“बाबा, हात दाखवा. दाखवा म्हणते ना! पुन्हा भाजलं? या आठवड्यात तिसऱ्यांदा! सोल्डरची गरम कांडी कुठे टेकवताय ते तरी दिसतं का तुम्हाला?”

“वासावरून कळतं.”

“वासावरून! कसला, बोटाचा की सोल्डरचा? बंद करा आता हे. मी ऑफिसात बसते आणि सगळं लक्ष इथे असतं माझं.”

“दुकान बंद करून काय करू? खिडकीत बसून बसेस मोजू?”

“मोजा! निदान भाजणार तरी नाही.”

त्याने खिळा टेबलावर आपटला. “ठीक आहे. ही एक मोटर. ही नीट चालली तर तू दुकान बंद करायचं नाव काढायचं नाहीस. नाही चालली, तर ही किल्ली तुझी.”

“ठरलं?”

“ठरलं.”

ती तडातडा निघून गेली. त्याने रागारागात स्क्रूड्रायव्हर उचलला आणि सरळ माझे स्क्रू सोडले. खिळा तसाच पडून राहिला. मी ओरडले असते हो! अरे बाबा, रेघ! पण मला तोंड कुठे होतं?

पुढचे तीन दिवस मात्र माझे सुखाचे गेले. त्याने मेण झालेलं ग्रीस रॉकेलने धुतलं. तांब्याच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने उजळल्या. वीज आत पोचवणारे झिजलेले कार्बनचे तुकडे काढून नवे घासून बसवले. उंदरांनी खाल्लेली वायर बदलली. भाजलेल्या बोटावर पट्टी होती, म्हणून रेघ न चाचपताच त्याने सवयीने झाकण बसवलं. बॅटरी लावली तेव्हा मी तरुणपणी फिरायचे तशी फिरले. त्याने माझ्या अंगाला कान लावला आणि पुटपुटला, “गातेय बघ.” टेबलावर मला काड्या जोडलेल्या नव्हत्या. त्यामुळे मी कुठे थांबते ते त्याला दिसलं नाही, आणि बघायची गरजही वाटली नाही. रेघ जुळवलीच असणार ना आपण!

गाडीत बसवल्यावर भाच्याने काचेवर पाणी ओतलं आणि बटण दाबलं. काड्या सुरेख फिरल्या. त्याने बटण बंद केलं. काड्या काचेच्या मधोमध, त्याच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

“हे काय मिस्त्री? हात वर करून शरण आल्यासारख्या उभ्या आहेत!”

मिस्त्रीचा चेहरा उतरला. झाकण अर्धा फेरा फिरवायचं होतं. दोन स्क्रू, पाच मिनिटं. पण झाकणावर त्याला संशयच आला नाही. चाळीस वर्षं जी गोष्ट चुकली नव्हती, ती चुकली असेल हे त्याच्या मनात कसं यावं? त्याने झाकण उघडलं, गिअर तपासला, कार्बन तपासले, जसं होतं तसंच झाकण पुन्हा लावलं. काड्या पुन्हा मधोमध. भाचा घड्याळ बघत होता.

“परवा मेळावा आहे, मिस्त्री. मी नवीन मोटर टाकून घेतो. ही ठेवा तुम्हीच.”

“माझ्या हातून नाही झालं, साहेब,” मिस्त्री म्हणाला. मी इतकं हळू बोललेलं वाक्य पुन्हा ऐकलं नाही.

संध्याकाळी त्याने किल्ली लेकीच्या हातात ठेवली. ती जिंकली होती, पण किल्लीकडे न बघताच तिने ती पर्समध्ये टाकली.

महिनाभराने ती दुकान रिकामं करायला आली. तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा येणार होता. फळीवरून एकेक मोटर उतरवताना तिचा हात थांबला. प्रत्येकीच्या झाकणावर तिने लहानपणापासून बघितलेली खिळ्याची रेघ होती. माझ्या झाकणावर नव्हती. तिने दिव्याखाली धरून मला चहूबाजूंनी बघितलं. टेबलाच्या कडेला तो खिळा अजून पडला होता. तिने मला बॅटरी लावली, दांडीला एक काडी बांधली, बटण बंद करून बघितलं. मग स्क्रू सैल केले आणि झाकण अर्धा फेरा फिरवलं.

काडी आडवी निजली.

ती तिथेच स्टुलावर बसून रडली. “मीच आले ना मध्ये,” म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, कोण जाणे.

तिने मला घरी आणलं. मिस्त्री खरोखरच खिडकीत बसला होता. तिने मला त्याच्या हातात दिलं. त्याचा अंगठा झाकणाच्या कडेवरून फिरला, एक चक्कर, दुसरी चक्कर, रेघ शोधत.

“खूण केली नव्हती मी,” तो शेवटी म्हणाला.

“हो. बाकी सगळं बरोबर होतं, बाबा. नुसतं झाकण. चला, आपण पुन्हा दुकान...”

“कुठे? कव्हरवाल्याच्या मांडीवर?” तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. “राहू दे, घाईबाई. खिळा आणलायस का?”

तिने पिशवीतून खिळा काढून दिला. त्याने मला नाकाशी धरलं आणि झाकणापासून अंगापर्यंत एक रेघ ओढली. सरळ, एका दमात.

तेव्हापासून मी या खिडकीत आहे. समोरून बसेस जातात. पाऊस आला की काच धूसर होते आणि आम्ही दोघं नुसते बघत बसतो. माझं ग्रीस ताजं आहे, कार्बन नवे आहेत, मी अजून वीस वर्षं चालू शकते. चालायला जागा तेवढी नाही.

एवढंच मागते. कुणाच्या हातात काम असेल तर त्याची रेघ ओढून होईपर्यंत दारातच थांबा. आणि एखादं यंत्र किंवा एखादा माणूस ‘संपला’ म्हणण्याआधी पाच मिनिटं द्या, झाकण फिरवून बघा. मी बिघडले नव्हते, तोही बिघडला नव्हता. त्या दिवशी गाडीपाशी हे कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.