सातवं अक्षर

हॅस्करच्या नगरभवनात काचेच्या कपाटात एक विटका निळा सदरा टांगला होता. खाली नवी कोरी पितळी पाटी: 'नेब्रास्का प्रेअरी लीग, १९१३चे विजेते: हॅस्कर.' पाटी वाचून लुडमिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

विजेते म्हणे! ती बेसबॉलची लीग चालली अवघे दोन उन्हाळे. सहा गावं, सहा संघ आणि पहिल्या दिवसापासून भांडणं. लिंडेलचा संघ लिंडेलच्या लोकांनी उभा केला होता. बायकांनी कोलाची नावाचे गोड पाव भाजून विकले तेव्हा कुठे मैदानावर बाकं आली. संघ सगळ्यांच्या पुढे होता. आणि ऑगस्टमध्ये मालक उठला, हॅस्करला तिकिटं जास्त खपतात म्हणून अख्खा संघ उचलून तिकडे घेऊन गेला. निर्लज्ज मेला! उरले होते फक्त अकरा सामने. पुढच्या वर्षी लीगच बुडाली, मग दाद मागायची कुणाकडे?

सदऱ्यांवरचं 'लिंडेल' उसवून 'हॅस्कर' शिवलं ते मात्र लुडमिलानं. तिचा नवरा अंतोन त्याच संघात चेंडू टाकायचा. "शिवलं नाहीस तर अंतोन घरी बसेल," मालकानं बजावलं होतं. चाळीस वर्षं तिला ते खुपत होतं.

"तुमची पाटी खोटी आहे," ती नगराध्यक्षांना म्हणाली.

"अहो आजी, सदऱ्यावरचं नाव तरी वाचा!" पाटीच्या समारंभाला जमलेले लोक हसले.

"वाचू कशाला? मीच शिवलंय ते."

"बरं बरं. कॉफी घ्या तुम्ही."

"खड्ड्यात गेली तुमची कॉफी! हॅस्करच्या स्पेलिंगात अक्षरं सहा, लिंडेलच्या सात. तुमच्या सहाव्या अक्षरापुढे तो गडद डाग कसला, सांगा."

नगराध्यक्षांनी वाकून पाहिलं. डाग होता. त्यांनी कपाट उघडून सदरा बाहेर काढला, तेवढ्यात लुडमिलानं पर्समधली कात्री चालवली.

"अहो, अहो, काय करताय!"

सहा अक्षरं फरशीवर पडली. उन्हानं विटलेल्या कापडावर, जिथे मे ते ऑगस्ट ऊन पोचलंच नव्हतं तिथे, गडद निळ्या रंगात सात अक्षरं उभी होती. लिंडेल. आता कुणी हसलं नाही.

"आजी," नगराध्यक्ष हळूच म्हणाले, "निदान आजच्या समारंभापुरतं पुन्हा शिवून द्या ना."

"तेव्हा नवरा घरी बसेल म्हणून शिवलं," कात्री पर्समध्ये टाकत ती म्हणाली. "आता तो लिंडेलच्या दफनभूमीत आहे. आता कुणाचा धाक दाखवणार मला?"