तिसरा आकडा

कुलूपवाल्याने बसमध्ये तोंडावर हात धरून फोनवर लेकीला पहिले दोन आकडे हळूच सांगितले, आणि तिसरा ओठांवर असतानाच फोन मुका झाला. खिडकीबाहेर सीमेचा लाल-पांढरा दांडा मागे पडत होता.

"काय झालं रे?" शेजारी बसलेल्या ताईने विचारलं. तिच्याच डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोघं भावंडं पलीकडच्या देशात निघाली होती.

झालं होतं ते असं. गावातल्या दवाखान्यात एक जुनी तिजोरी होती, आत जपून ठेवायची औषधं. म्हातारे डॉक्टर अचानक वारले आणि तिजोरीचे तीन आकडे त्यांच्याबरोबर गेले. दुसऱ्याचा आकडा कागदावर उतरवायचा नाही, हा कुलूपवाल्याच्या धंद्याचा दंडक. त्यामुळे तीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः लावलेले ते आकडे आता फक्त त्याच्या डोक्यात उरले होते. आज नव्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या लेकीला बोलावलं होतं. बारापर्यंत तिजोरी उघडली तर ठीक, नाहीतर गॅसकटर. धगीने औषधं गेली असती, आणि बापाशिवाय लेकीने हातात घेतलेलं पहिलं मोठं काम गेलं असतं ते वेगळंच.

घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

पुढे चार मैलांवर कागद तपासायला बस थांबली. कुलूपवाल्याने उतरल्या उतरल्या फोन बंद करून चालू केला. 'सेवा नाही.' पुन्हा केला. तेच.

"जरा ठोकून बघ," ताई म्हणाली.

"ठोकतो तो सुतार. कुलूपवाला ऐकतो."

"मग ऐक. काही बोलतोय का?"

चहाच्या टपरीवरची बाई हे सगळं ऐकत होती. "काका, माझा फोन दिला असता, पण माझ्यावरून बाहेरच्या देशात लागतच नाही."

त्याने मान हलवली, बाकावर बसला आणि चष्मा पुसला. लेक सात वर्षांची असल्यापासून तो तिला एकच धडा देत आला होता: न उघडणाऱ्या कुलपावर रागवायचं नाही. ते आपलं काम करत असतं. कुणाला बाहेर ठेवतंय, ते आधी शोध.

तो फोनची सेटिंग्ज ओळीओळीने वाचू लागला. रोमिंग चालू होतं, निघताना फोनवाल्या पोरीने करून दिलं होतं. त्याखाली होतं, 'नेटवर्क आपोआप निवडा'. हे मात्र बंद. आणि पुढे त्याच्या घरच्या मोबाइल कंपनीचं नाव, एकटंच.

मग त्याच्या लक्षात आलं. घर सीमेला लागून, म्हणून फोन सारखा पलीकडच्या कंपनीकडे भटकायचा. एका संध्याकाळी वैतागून त्यानेच त्याला घरच्या कंपनीशी जखडून टाकलं होतं.

"ताई, कुलूप मीच लावलंय."

"चोर सापडला म्हणायचा," ताई म्हणाली. "आता किल्ली शोध."

त्याने 'आपोआप' चालू केलं. फोनने लांबून येणारी घरच्याच कंपनीची एक बारीक रेघ पकडली, सोडली, पुन्हा पकडली, पुन्हा सोडली.

"माहेरची ओढ," ताई म्हणाली.

"मग नवं घर मलाच दाखवायला हवं." त्याने 'आपोआप' परत बंद केलं आणि यादी मागवली. यादी यायला दोन मिनिटं गेली. घरच्या कंपनीखाली इथल्या तीन कंपन्यांची नावं आली. पहिलीवर बोट ठेवलं. चक्र फिरत राहिलं, मग अक्षरं उमटली: 'नोंदणी होऊ शकत नाही.' दुसरी. तेच उत्तर, आणि तेही तेवढाच वेळ घेऊन. कागद तपासून झाले, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

ताई उठली, बसच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि तशीच उभी राहिली. "गुडघा आखडलाय हो," तिने ड्रायव्हरला सांगितलं. "घाई केलीत तर इथेच बसेन."

तिसरी कंपनी. चक्र फिरलं, फिरलं, आणि चार रेघा उभ्या राहिल्या.

लेकीने लगेच उचलला. "बाबा, थांबा, मोजणी चुकेल. एक्केचाळीस झालं."

"म्हणजे?"

"दोन तर तुम्ही दिलेत ना. तिसरा शून्यापासून एकेक करून बघतेय. कटरवाला दारात उभाय. त्याला म्हटलं, बारा म्हणजे बारा."

बारा वाजायला दहा मिनिटं होती. कुलूपवाल्याला काहीतरी बोलायचं होतं, पण ते नंतर. तो बसपासून दूर भिंतीशी गेला, तोंडावर हात धरला आणि म्हणाला, "सदुसष्ट."

पलीकडे चकती फिरल्याची बारीक करकर. मग लोखंडी मुठीचा जाड, जुना आवाज. तो त्याने तीस वर्षांनी ऐकला आणि लगेच ओळखला.

"ऐकलंत?"

"ऐकलं. आता डॉक्टरीणबाईंना नवा आकडा लावून घेऊ दे. लावताना तू पाठ फिरव. आणि मला सांगू नकोस."

"माहीत आहे, बाबा."

"माहीत आहे हे मला माहीत आहे," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

ताईचा गुडघा त्याला पाहताच बरा झाला. जागेवर बसल्यावर तिने विचारलं, "कोणता रे होता तो आकडा?"

"दुसऱ्याचा आहे, ताई."

"मी एवढा वेळ लंगडी झाले, तरी नाही?"

"तरी नाही."