लोणच्यावरचा दगड

मी लोणच्याच्या पिंपावरचा दगड बोलतोय. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला टाकी कधी लागलीच नाही, त्यामुळे देवपणाची भानगड नाही. डोंगराखालच्या नदीने मला गोल केलं आणि या घरातल्या सासूने मला पसंत केलं. सून पसंत करायला तिने एवढा वेळ घेतला नव्हता, असं घरात अजून सांगतात.

ती सून म्हणजे फुमिए. लग्नानंतर तिने अंथरूण धरलं होतं. हातसडीचा भात, मिसोचं म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सार आणि माझ्याखालची कोबी खाऊन ती उठली, असं ती सांगते. मी ते खोडून काढत नाही. मी तेव्हा अंगणात होतो.

पुढे तिने घरातच वर्ग सुरू केला. दर शरदात परदेशातून माणसं येतात, वसंतापर्यंत इथेच राहतात आणि अन्नाने बरं कसं व्हायचं ते शिकतात. तिला ती सेन्सेई म्हणतात, म्हणजे बाई. आल्या आल्या कॉफीवाचून त्यांची डोकी चढतात, एखादं रडतंही. मग घासाचं पाणी होईपर्यंत चावायला शिकतात, अंगाने हलकी होतात आणि एकमेकांना उपदेश करायला लागतात. त्यांना स्टेशनवरून आणणारा फुमिएचा धाकटा भाऊ सेइजी मात्र लाकडाच्या ढिगाआड बसून तळलेलं डुकराचं मांस खातो.

"ताईचं जेवण तब्येतीला, हे जिवाला," म्हणतो.

माझं काम बसून राहायचं. पिंपात कोबी आणि मीठ, वर लाकडी झाकण आणि त्यावर मी. दाबून दाबून कोबीला पाणी सुटतं. ते झाकणावर आलं की मला उतरवून माझ्याहून हलका दगड ठेवायचा. उशीर झाला तर कोबीतलं सगळं पाणी निघून जातं आणि तिचं चामडं होतं. मला उचलायचं काम फुमिए कोणाला देत नसे. "वजन ठेवणं कोणालाही जमतं, उतरवायची वेळ हाताला कळावी लागते," असं वर्गात सांगायची.

यंदा मला पिंपावर चढवायला तिने सेइजीला बोलावलं. कंबर धरलीय म्हणाली. पाणी झाकणावर आलं त्या सकाळी ती एकटी आली, दोन्ही हात माझ्याभोवती घातले आणि डावा हात तसाच सोडून दिला. पिंपाच्या कडेला टेकून थोडा वेळ उभी राहिली. काखेत तिने अळकुड्यांचा लेप लावला होता, मला वास आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा हात घातले, पुन्हा गेली. मला सगळं कळलं होतं, पण दगडाला कळून काय उपयोग?

त्याच आठवड्यात चेहरा वाचायचा धडा होता. माणसाच्या गालावरून, डोळ्यांखालच्या रंगावरून आतलं दुखणं ओळखायचं, हे इथलं शिक्षण. उजेड चांगला म्हणून सगळे पिंपांजवळच बसले.

"माझा चेहरा वाचा," फुमिए म्हणाली.

"यकृत उत्तम," एक जण म्हणाला. "मूत्रपिंडं तरुण माणसासारखी," दुसरी म्हणाली. बाईंच्या तोंडावर बाईंची तब्येत वाईट कोण सांगणार?

आनेके नावाची हॉलंडची बाई होती. आपल्या गावी ट्राम चालवायची. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "सेन्सेई, तुम्हाला दुखतंय."

"दुखतंय तर. कालची बार्ली करपवलीत ना तुम्ही," फुमिए म्हणाली. सगळे हसले. आनेके हसली नाही.

मग सेइजीने मला बाजूला करून कोबी काढली, मला परत ठेवलं आणि ती कोबी पानात आली. सगळ्यांनी मान खाली घालून चावायला सुरुवात केली. चावता चावेना, पण हाही एक धडाच असणार असं समजून ते भक्तिभावाने चावत राहिले. एकाने तर डोळे मिटले. सेइजीने पहिलाच घास हातावर काढला.

"ताई, ही कोबी आहे की जोड्याचा तळवा?"

फुमिएने हातातल्या जेवायच्या काठ्या खाली ठेवल्या.

"तुम्हाला दगड उचलता आला नाही ना?" आनेकेने विचारलं.

"हात वर जात नाही. काखेत गाठ आहे. वसंतापासून."

"आणि मला कंबर सांगितलीस?" सेइजी उठून उभा राहिला. "उठ. गाडी काढतो. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जायचं."

"तिथे गेले तर या मुलांना काय तोंड दाखवू? आजवर जे शिकवलं त्याचं काय?"

"गेलात हेच सांगा," आनेके म्हणाली. "कोबीला सुद्धा इतकं दाबायचं नाही म्हणून तुम्हीच शिकवलंत."

फुमिएने पुढ्यातलं पान बाजूला सारलं. ती घाबरली होती. मग सगळ्यांकडे वळली.

"अन्नाने मला जगवलं, हे खरं आहे. ही गाठ अन्नाने गेली नाही, हेही खरं आहे. तुमच्यापैकी कोणी औषध बंद करून इथे आलं असेल, तर आज सुरू करा."

डोळे मिटून चावणाऱ्या त्या माणसाने मान खाली घातली. मग उठून आपल्या खोलीत गेला आणि पाण्याचा पेला मागायला परत आला.

निघताना फुमिएने आनेकेला पिंपाजवळ आणलं. "पोटाशी धर, पाठीने उचलू नकोस," म्हणाली. आनेकेने मला उचललं. तिच्या हातांना सवय नव्हती, पण पकड घट्ट होती.

बर्फ वितळताना फुमिए परतली. डोक्यावर लोकरीची टोपी, टोपीखाली केस नाहीत. हॉस्पिटलातला पांढरा भात गुपचूप खाल्ला, असं तिने स्वतःच वर्गाला सांगितलं. सेइजीने ते गावभर केलं. पुढचं काय, ते डॉक्टरांनाही अजून सांगता येत नाही. हल्ली ती पिंपाजवळ खुर्ची टाकून बसते आणि उचलणारे दुसरे असतात.

दगडाला पाझर फुटतो म्हणतात. मला तरी फुटलेला नाही, माझ्या अंगावरचं पाणी कोबीचंच आहे. पण एक मागणं आहे. पाणी वर आलं की मला उतरवा, जमत नसेल तर कोणाला तरी हाक मारा. मला आपणहून उतरता येत नाही.